चकाकी दोन पावसाळ्यांची

सदाशिव पेठेतल्या ज्या इमारतीत आम्ही राहतो तिथे पूर्वी वाडा होता. तो पाडताना निघालेल्या चार सागवानी तुळया कित्येक वर्षं जिन्याखाली पडून होत्या, कारण त्या नक्की कोणाच्या हे कधी ठरलंच नाही. तीन वर्षांपूर्वी गच्चीत कमळांसाठी टाकं बांधलं, तेव्हा कोणाला तरी त्यांची आठवण झाली. तुळया वखारीत नेऊन चिरून आणल्या आणि टाक्याच्या कडेने दहा बाय आठ फुटांचा, फळ्यांचा डेक तयार झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना ‘डेक’ हा शब्द मान्य नाही. ‘जहाजावर असतो तो डेक, हा ओटा,’ असं त्यांचं म्हणणं. ते पुढे बरोबर ठरलं, पण तेव्हा आम्ही हसलो.

लाकडाला काय लावायचं, यावर सोसायटीच्या बैठकीत पाऊण तास चर्चा झाली आणि शेवटी मी जे सुचवलं तेच ठरलं. माझ्याकडे घरच्या कपाटांना लावून उरलेलं चकचकीत वॉर्निश होतं. तीन हात मारले. अक्षय्य तृतीयेला टाक्यातलं कमळ त्या फळ्यांत उलटं दिसत होतं. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर आधी पांढुरके फोड आले, मग त्यांचे पापुद्रे झाले आणि दिवाळीपर्यंत डेक उन्हाने सोललेल्या पाठीसारखा दिसू लागला. पापुद्र्यांखाली लाकूड करडं, काही ठिकाणी काळं.

आणि आमच्यापासून पाच मिनिटांवर बाजीराव रस्त्याला विश्रामबागवाडा उभा. दुसऱ्या बाजीरावाने १८०७च्या सुमारास बांधलेला, सुरूच्या आकाराचे सागवानी खांब आणि रस्त्यावर डोकावणारा कोरीव सज्जा असलेला. १८७९च्या आगीत होरपळला, नंतर त्याच्या दुरुस्त्या झाल्या, हे खरं. तरी त्यातलं लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकलंय आणि आमचं दोन पावसाळ्यांत उघडं पडलं. साग तोच, हवाही तीच पुण्याची. मग चुकलं कुठे?

लाकूड पाणी कसं पितं

चहात खारी बुडवली की चहा तिच्यात सरसर चढतो. लाकडाचंही तसंच, फक्त दिशेचा फरक आहे. झाड उभं असताना मुळांचं पाणी शेंड्यापर्यंत नेणाऱ्या बारीक नळ्यांची ती मोळी असते. झाड तोडलं, फळी झाली, तरी नळ्या तशाच राहतात. फळीच्या अंगावर पडलेलं पाणी नळ्यांच्या भिंती ओलांडून हळूहळू आत शिरतं. फळीच्या कापलेल्या टोकाशी मात्र नळ्यांची तोंडं उघडी असतात, तिथून ते कितीतरी पटींनी वेगाने ओढलं जातं. अनुभवी सुतार फळीच्या टोकांना जास्तीचे दोन हात देतो तो याचसाठी. आम्ही टोकांना एकही दिला नव्हता. ती दिसत नाहीत ना!

लाकडात पाणी दोन जागी राहतं. एक, नळ्यांच्या पोकळीत, पेल्यात असावं तसं. दुसरं, नळ्यांच्या भिंतींत मुरलेलं, भिजवलेल्या हरभऱ्यात असावं तसं. लाकूड वाळताना आधी पेल्यातलं पाणी जातं आणि त्याने लाकडाच्या मापात काहीच फरक पडत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण तीस टक्के पाणी उरलं, की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि पुढे भिंतींतलं पाणी जाऊ लागतं. इथून लाकूड आकसायला लागतं. उलट, पावसाळ्यात हवेतली वाफ पिऊन त्या भिंती फुगतात. जुलैत घट्ट बसणारं दार मार्चमध्ये आपसूक सुटतं ते यामुळे.

लांबीत ही घटवाढ नगण्य असते, रुंदीत ती भरते. अगदी ओलं सागवान पूर्ण कोरडं केलं तर वाढचक्रांच्या दिशेने, म्हणजे खोडाच्या घेराच्या दिशेने, ते साधारण साडेपाच टक्के आकसतं. गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्म्याहूनही कमी. कित्येक लाकडांच्या तुलनेत हे प्रमाण फार थोडं आहे आणि सागाचा मोठेपणा बराचसा यातच आहे. तरी हिशेब करून पाहा. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या खाली जाते, ऑगस्टात ती ऐंशीच्या वर असते. उघड्यावरच्या फळीतलं पाणी या दोन टोकांमध्ये दहा टक्क्यांनी सहज बदलतं. म्हणजे १०० मिलिमीटर रुंदीची फळी जवळपास दोन मिलिमीटर रुंद होते आणि पुन्हा अरुंद होते. वीस फळ्या एकमेकींना चिकटवून ठोकल्या तर चार सेंटिमीटर जागा कमी पडते. मग त्या कमान धरतात किंवा खिळे उपसतात.

आता या दरवर्षी फुगणाऱ्या-आकसणाऱ्या फळीवर कडक, काचेसारखा थर दिलाय असं समजा. फळी हलते, थर हलत नाही. कुठेतरी केसाएवढी चीर पडणारच. त्या चिरेतून पाणी आत जातं आणि थर त्याला बाहेर पडू देत नाही. गरम भाकऱ्या डब्यात घालून झाकण लावलं की खालच्या भाकरीला घाम सुटतो, तसं थराखाली लाकूड घामेजून राहतं. पांढुरके फोड म्हणजे हाच अडकलेला ओलावा.

कुजणं म्हणजे कोणाचं तरी जेवण

पाण्याने लाकूड कुजतं असं आपण सहज म्हणतो. कुजवते ती बुरशी. पाणी फक्त तिला पानावर बसवतं. लाकडात वीस टक्क्यांहून कमी ओलावा असेल तर बुरशीला तिथे जगणं अवघड जातं. तो त्याच्या वर गेला आणि तसाच राहिला की तिची पंगत सुरू. तिला हवाही लागते, त्यामुळे कायम पूर्ण पाण्याखाली असलेलं लाकूड या बुरशीपासून बचावतं. कुंपणाचा खांब नेहमी जमिनीलगत कुजतो, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथे भेटतात. होडी बांधायला पाण्यात रोवलेला बांबू पाण्याच्या रेषेशी मऊ पडतो तेही त्याच कारणाने.

म्हणजे एकदा भिजणं हा गुन्हा नव्हे, भिजून तसंच राहणं हा आहे. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ला, नदीकाठच्या पेठांतल्या वाड्यांच्या मातीच्या भिंती पाण्याने विरघळून बसल्या. सागवानाला दोन दिवसांच्या पाण्याने असं काही होत नाही, ते वाळलं की पूर्ववत कामाला लागतं. पण तेच सागवान कुंडीखाली वर्षभर ओलं राहिलं तर? आमच्या डेकवरची सर्वांत वाईट फळी तुळशीच्या कुंडीखालचीच निघाली.

सागाच्या मधल्या, गडद लाकडात (मध्यकाष्ठात) काही रसायनं असतात. त्यातलं टेक्टोक्विनोन वाळवीला सोसत नाही. शिवाय त्यात रबरासारखा एक चिकट पदार्थ असतो, तो पाण्याला अडवतो. सालीलगतचं पांढरं लाकूड मात्र (रसकाष्ठ) सागाचं असलं तरी दुबळंच. त्यात ही शिबंदी नसते. सागवान घेताना मिस्त्री पांढरी कड बघून नाक मुरडतो, त्यात त्याचा नखरा नसतो.

पारदर्शक छत्री

पाण्याची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. आमचा डेक खरा मारला तो उन्हाने, आणि ते समजायला मला एक पापुद्रा भिंगाखाली धरावा लागला.

वॉर्निशचा नखाएवढा तुकडा सोलून उलटा केला. वरची बाजू अजून चकचकीत, कुठे तडा नाही. खालच्या बाजूला करडी लव होती, शेवरीच्या कापसासारखी. ते लाकडाचे तंतू होते. म्हणजे वॉर्निश लाकडावरून सुटलं नव्हतं. लाकडाचाच वरचा थर मोडून वॉर्निशबरोबर निघून आला होता.

असं का होतं ते चिक्कीवरून कळेल. लाकडात सेल्युलोजचे मजबूत तंतू असतात, ते चिक्कीतले दाणे समजा. त्यांना धरून ठेवणारा गूळ म्हणजे लिग्निन. लाकडाच्या वजनात याचा वाटा साधारण पाव भाग. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे पण कातडी भाजणारे, लिग्निनला गाठून तोडतात. गूळ सुटला की दाणे मोकळे. पाऊस येतो आणि तुटलेलं लिग्निन धुऊन नेतो. मागे उरतात ते फिकट तंतू, म्हणून उघडं लाकूड काही महिन्यांत चंदेरी-करडं होतं.

हे किरण फार खोल जात नाहीत. एक दशांश मिलिमीटरच्या आतच त्यांचा जोर संपतो. त्यामुळे काहीच न लावलेलं कठीण लाकूड उन्हापावसात झिजतं ते शंभर वर्षांत तीनेक मिलिमीटर, इतकंच. पण पारदर्शक वॉर्निशला नेमका तोच एक दशांश मिलिमीटर आधार म्हणून हवा असतो! वॉर्निश पाऊस अडवतं, ऊन अडवत नाही. पावसाळ्यात मुलांच्या हातात पारदर्शक प्लास्टिकच्या छत्र्या दिसतात ना, त्या मे महिन्यात घेऊन फिरावं तसा हा प्रकार. छत्रीखाली लिग्निन मोडत राहतं, पाया भुसभुशीत होतो आणि थर अखंड असूनही कोसळतो. बाहेरच्या वापराच्या महाग वॉर्निशमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्यं घालतात. त्यांनी फरक पडतो, पण ती स्वतः खर्ची पडत जातात.

किरण अडवायचे तर रंग हवा. भिंतीसारखा झाकून टाकणारा नव्हे, लाकडाच्या रेषा दिसू देणारा पातळ रंगही चालतो, पण रंगद्रव्याचे कण हवेत. आणि या कामात सर्वांत भरवशाचं रंगद्रव्य कोणतं? लोहाचा ऑक्साइड. म्हणजे आपला गेरू. तुळशीवृंदावनाला आणि कुंड्यांना लावतो तोच. हल्ली डेकसाठी मिळणाऱ्या तपकिरी, तांबूस ‘वुड स्टेन’च्या डब्यांत बहुधा हेच द्रव्य अतिशय बारीक दळून घातलेलं असतं. पेठेत अजून उरलेल्या जुन्या दारांवरचा चॉकलेटी तेलरंग आपण गावंढळ समजून खरवडतो आणि खालचं ‘सुंदर नैसर्गिक लाकूड’ पारदर्शक वॉर्निशने मढवून घेतो. रस्त्यावरच्या, पश्चिमेच्या उन्हातल्या दाराला यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

रेनकोट की अभ्यंग

बाजारात शंभर नावांचे डबे असले तरी कुळं दोनच. एक लाकडावर थर धरणारं: वॉर्निश, मेलामाइन, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, तेलरंग. हा रेनकोट. दुसरं लाकडात मुरणारं: तेलं आणि तेलयुक्त स्टेन. हे अभ्यंग. रेनकोट नवा असेतो उत्तम, पण फाटला की आतला माणूस जास्त भिजतो. तेल कातडीत मुरतं, दिसत नाही, आणि दर दिवाळीला पुन्हा लावावं लागतं. त्यात कोणी अपमान मानत नाही.

पण कोणतंही तेल चालत नाही. स्वयंपाकघरातल्या तेलाच्या बुधल्याच्या तोंडाशी एक पिवळी, चिकट कड जमते, घासूनही जात नाही. ते तेल ‘वाळलेलं’ असतं. वाळणं म्हणजे इथे उडून जाणं नव्हे. तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांचे हात धरतात आणि द्रवाचं घट्ट जाळं बनतं. हा गुण प्रत्येक तेलात सारखा नसतो. खोबरेल तेल वर्षभर ठेवलं तरी असं वाळत नाही, करडईत तो बऱ्यापैकी आहे, जवसात भरपूर. चटणीचा तोच जवस, विदर्भात पिकणारा. रंगारी आणि सुतार ज्याला बेलतेल म्हणतात ते लवकर वाळावं म्हणून सिद्ध केलेलं जवसाचंच तेल. कच्चं जवसाचं तेल लावलंत तर ते कित्येक दिवस चिकट राहील आणि गच्चीवरची सगळी धूळ त्यावर येऊन बसेल.

नुसतं बेलतेल मात्र पाण्याशेजारी पुरत नाही. एक तर ते ऊन अडवत नाही, दुसरं म्हणजे दमट हवेत बुरशीला ते खाऊच वाटतं आणि लाकूड काळवंडतं. त्यामुळे रंगद्रव्य आणि बुरशीनाशक घातलेलं बाहेरचं तेल किंवा स्टेन घ्यावा. ‘टीक ऑइल’ लिहिलेला डबा दिसला तर भुलू नका. म्हैसूरपाकात जितकं म्हैसूर असतं तितकाच त्यात साग. ते बहुतेक वेळा एखादं वाळणारं तेल, थिनर आणि थोडं वॉर्निश यांचं मिश्रण असतं. वाईट असतं असं नाही, पण साग त्यातून निघत नाही.

घरातल्या शिसवी पलंगाची शान असलेलं स्पिरिट पॉलिश इथे पूर्ण बाद. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून ते करतात. त्यावर ओला पेला ठेवला तरी पांढरं कडं उमटतं, मग पावसाचं काय बोला.

आणि ज्यांना चकाकीच हवी त्यांचं काय? त्यांनी निदान ‘स्पार’ किंवा ‘मरीन’ वॉर्निश घ्यावं. स्पार म्हणजे शिडाच्या जहाजाची डोलकाठी, परबाण वगैरे. वाऱ्यात ती वाकते, म्हणून तिच्यावरचा थरही वाकणारा लागतो. हे वॉर्निश मुद्दाम मऊ, लवचीक ठेवलेलं असतं. माझं कपाटाचं वॉर्निश कडक होतं, कारण कपाट वाकत नाही. मात्र स्पारचेही सहा-सात हात द्यावे लागतात आणि दरवर्षी वरचा हात नवा करावा लागतो. डोलकाठीवर कोणी चालत नाही, हेही ध्यानात ठेवा. ओल्या, चकचकीत फळीवर अनवाणी पाय घसरतो. कमळाच्या टाक्याशेजारी तर नक्कीच.

मला विचाराल तर डबा निवडताना तो पहिल्या दिवशी कसा दिसतो हे पाहूच नये, तो मरतो कसा हे पाहावं. वॉर्निश मरतं तेव्हा सगळं खरवडून मूळ लाकडापर्यंत जावं लागतं. आम्हाला त्याला चार रविवार लागले. तेल मरतं ते फिकं पडत. घासा, पुसा, वर नवं लावा. आडव्या, तुडवल्या जाणाऱ्या, पाण्याकाठच्या लाकडाला दुसराच मृत्यू परवडतो.

समुद्राकाठचा धडा

आजोबांचं जहाज इथे कामाला येतं. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ला पाण्यात उतरली, खडकीच्या लढाईच्या चोवीस दिवस आधी. इंग्लंडात ओकचं लाकूड टंचाईत होतं म्हणून ही मुंबईत, मलबारी सागात बांधली. पेशवाई बुडाली, ही नाही. आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात ती तरंगते आहे. सागाची करामत खरीच, पण अशी जहाजं टिकतात ती माणसं डांबर, रंग, तेल घेऊन त्यांच्यामागे कायम लागलेली असतात म्हणून. शिवाय जहाजाच्या डेकवर साग बहुधा उघडाच ठेवतात. तो करडा होतो, पाण्याने धुतला जातो आणि पाय घसरत नाही.

कोकणात होड्यांना माशाचं तेल आणि काजूबियांच्या टरफलांचं तेल फासण्याची रीत आहे. हे टरफलांचं तेल काळं, जहाल, हाताला लागलं तर कातडी सोलणारं. बिब्ब्याचा चटका ज्यांनी अनुभवलाय त्यांना नवल वाटणार नाही, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. जपानी लाखकाम ज्या झाडाच्या चिकावर चालतं तेही याच कुळातलं. या रसांत दोन गुण एकत्र येतात: हवेत ते घट्ट होतात आणि किडा-बुरशीला विषारी असतात. वाळणारं तेल आणि बुरशीनाशक एकाच डब्यात, तेही फुकटच्या टरफलांतून. दिसायला डांबरासारखं, त्यामुळे कमळाच्या टाक्याशेजारी सोसायटी ते मंजूर करणार नाही.

साग परवडत नसेल तर मुरवलेलं साधं लाकूड हा दुसरा मार्ग. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे क्षार दाबाने लाकडात मुरवण्याची जगभर पसरलेली पद्धत डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३मध्ये शोधली, हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं. आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००३ अखेर घरगुती लाकडासाठी तिचा वापर थांबला. तिथे आता तांब्यावर आधारलेली दुसरी मिश्रणं वापरतात. असं लाकूड जाळू नये, त्याचा भुसा कुंड्यांत घालू नये. आणि मुरवलेलं लाकूडही उन्हाने करडं होतंच, त्यालाही वरून रंगद्रव्य हवं.

खिळ्यांबद्दल एक. आमच्या डेकवर प्रत्येक खिळ्याभोवती काळा ओघळ होता, शाई सांडल्यासारखा. ती शाईच होती. हिरड्यासारख्या तुरट फळाचा काढा लोखंडाशी मिळवला की काळा होतो, जुन्या काळी शाई अशीच बनायची. लाकडातही तोच तुरट पदार्थ, टॅनिन, असतो. पावसाने तो आणि खिळ्याचं लोखंड भेटले, शाई तयार. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ द्रावणाने हे डाग जातात, पण ते विषारी आहे. हातमोजे घालावेत, नंतर भरपूर पाण्याने धुवावं, आणि टाक्यात मासे असतील तर एक थेंबही तिकडे जाऊ देऊ नये. नव्याने ठोकताना स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत. समुद्राकाठी ३१६ प्रतीचे.

चौकट: डबा उघडण्याआधी

• लाकडावर पाण्याचे थेंब टाका. दहा मिनिटांनीही मण्यांसारखे उभे असतील तर जुना लेप जिवंत आहे. जिरले आणि लाकूड गडद झालं तर नव्याची वेळ झाली.
• पुण्यात लेपासाठी दिवाळीनंतरचा कोरडा काळ उत्तम. पावसाळा संपल्यावर लाकडाला निदान तीन-चार आठवडे वाळू द्या. मे महिन्याच्या भर दुपारी लावू नका, वरची साय आधी धरते आणि आत कच्चं राहतं.
• बाहेरच्या लाकडाला ८० ते १०० नंबरचा पॉलिश पेपर पुरे. आरशासारखं घासलंत तर तेल आत शिरत नाही.
• सागाचं अंगचं तेल नव्या लेपाला धरू देत नाही. लावण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसा.
• फळीच्या सहाही बाजूंना लावा. टोकांना दुप्पट.
• दोन फळ्यांत पेन्सिल शिरेल एवढी फट ठेवा.
• तेलाचे फडके चुरगळून टाकू नका. वाळताना तेल उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मोकळं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

छत्री आणि जोडा

विश्रामबागवाड्याचं कोडं आता सुटायला हवं. खरं सांगायचं तर आमची तुलनाच लबाड होती. तिथलं बहुतेक लाकूड उभं आहे, पाणी त्यावर थांबत नाही. वाडे बांधणाऱ्यांनी लाकडाला डोक्यावर छत्री आणि पायात जोडा दिला होता. छत्री म्हणजे भिंतीबाहेर आलेलं छप्पर, ज्याच्या पागोळ्या लाकडापासून दूर अंगणात पडतात. जोडा म्हणजे तळखडा. वाड्यातला लाकडी खांब कधी थेट जमिनीवर उभा नसतो, त्याच्या पायाशी घडीव दगड असतो. खांबाच्या उघड्या नळ्यांची तोंडं त्यामुळे ओल्या भुईपासून वीतभर उंच राहतात. तेल, रंग हे सगळं त्याच्या नंतरचं.

आमचा डेक आडवा, उघडा, दिवसभर उन्हात, आणि खालच्या आडव्या पट्ट्या थेट गच्चीच्या फरशीवर टेकलेल्या. पाऊस पडला की गच्चीचं पाणी त्यांच्याखालूनच वाहत होतं. वर मी कितीही भारी डबा ओतला असता तरी खालून ते लाकूड चोवीस तास पाणी पीत राहिलं असतं.

यंदा नोव्हेंबरात सगळ्या फळ्या सुट्या केल्या, खरवडल्या, घासल्या, पुसल्या. तांबूस रंगाचं, बाहेरच्या वापराचं तेल दोनदा लावलं. टोकांना चारदा. फडके दोरीवर एकेक चिमट्याने टांगले, तेव्हा धुणं इतकं मळकं का, अशी दोन घरांतून चौकशी झाली. मग आजोबा काठी टेकत वर आले, सगळं पाहिलं आणि म्हणाले, “तेलपाणी झालं. ओट्याला तळखडे कुठायत?”

चौथ्या मजल्यावर नुकतंच स्वयंपाकघर नवं झालं होतं, त्यांच्याकडे ग्रॅनाइटचे आठ तुकडे उरले होते. मिस्त्रीने मोजून नऊ लागतील म्हणून सांगितलं. नवव्या जागी आजोबांच्या घरचा जुना पाटा गेला. वरवंटा त्यांनी ठेवून घेतला.